हॅनोव्हर ते हायलिगेनब्लुट : जुन्या कॅम्परच्या इंजिनासोबत

दिवस पहिला : हॅनोव्हर

गाडी १९७४ची फोक्सवॅगन टी-टू, वेस्टफालियाची कॅम्पर, छत वर उचलता येणारी. मागे १५८४ सीसीचं, ५० हॉर्सपॉवरचं एअरकूल्ड इंजिन, कोड एएस. हॅनोव्हरच्या श्ट्योकन भागातल्या कारखान्यात १९५६ पासून या व्हॅन तयार होऊ लागल्या. इथून निघून कासेल, व्युर्झबुर्ग, आउग्सबुर्ग करत ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनरचा घाट चढायचा आणि पलीकडे हायलिगेनब्लुटला उतरायचं. सप्टेंबर महिना, म्हणजे खाली ऊन आणि वर केव्हाही बर्फ.

या इंजिनाला रेडिएटर नाही. पंखा हवा ढकलतो, पत्र्याचे आडोसे ती हवा सिलिंडरच्या फिन्सवर नेतात आणि उरलेली उष्णता तेल वाहून नेतं. तेल किती? फक्त अडीच लिटर. त्यामुळे टायमिंग (ठिणगीची वेळ), टॅपेट (वाल्वची फट), पेट्रोल-हवेचं मिश्रण, पत्रे, पट्टा यांतलं काहीही जरा इकडेतिकडे झालं की त्याचा भार थेट हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोपणाच्या, तापमानावर पडतो. वाटेत इंजिन उघडावं लागू नये असं वाटत असेल तर निघण्याच्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार असताना, दोन तास द्यावेत.

पहिलं काम टॅपेटचं. बुलेटच्या टॅपेटला ज्याने हात लावलाय त्याला यात नवं काही नाही, फक्त वाल्व आठ आहेत आणि काम गाडीखाली आडवं पडून करायचंय. गाडीच्या उजव्या बाजूला पुढे एक नंबरचा सिलिंडर, मागे दोन नंबर. डावीकडे पुढे तीन, मागे चार. डिस्ट्रिब्युटरची (सिलिंडरना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढायची, ३० च्या पान्याने क्रँक पुली फिरवायची आणि पुलीवरची टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असल्याची) खूण इंजिनकेसच्या मधल्या जोडावर आणायची. रोटरचं तोंड डिस्ट्रिब्युटरच्या काठावर कोरलेल्या रेघेकडे असलं की एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. त्याचे दोन्ही वाल्व तपासून झाले की पुली उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, अर्धा फेरा फिरवायची. मग दोन नंबर येतो, पुढच्या अर्ध्या फेऱ्याला तीन, त्यापुढे चार. फायरिंगचा क्रम १-४-३-२ असल्यामुळे उलटं फिरवलं की नंबर सरळ क्रमाने येतात आणि गोंधळ होत नाही.

गॅप दोन्ही वाल्वना ०.१५ मिमी. १३ चा पाना लॉकनटला, स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूला. फीलर गेजचं पातं किंचित अडकत सरकलं पाहिजे. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचं. प्रत्येक हेडवर कडेचे दोन एक्झॉस्ट, मधले दोन इनलेट. मोजलेले आकडे वहीत लिहून ठेवायचे, कारण एका वेळचा आकडा फारसं सांगत नाही, दोन वेळच्या आकड्यांतला फरक सांगतो. या वेळी सात वाल्व ०.१५ च्या आसपास निघाले आणि तीन नंबरचा एक्झॉस्ट ०.१०. गॅप वाढला तर नुसती खटखट ऐकू येते, इंजिन चालत राहतं. गॅप कमी होणं मात्र धोक्याचं. एक्झॉस्ट वाल्व आपली उष्णता सीटवर टेकलेला असताना हेडला देतो. गॅप संपला की तो पुरता टेकत नाही, तापतो, ताणला जातो आणि एखाद्या दिवशी त्याची थाळी तुटून पिस्टनवर पडते. जुन्या रचनेत ऑइल कूलर तीन नंबरच्या हवेच्या वाटेतच उभा असायचा, म्हणून बळी बहुतेक वेळा तीन नंबर जायचा. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याच्या हवेला वेगळी वाट दिली. तरी तीन नंबरवर नजर ठेवायची ती ठेवायचीच. गॅप ०.१५ करून कव्हर बंद केली. कव्हरच्या कॉर्कच्या पॅकिंगा नव्या, हेडच्या बाजूने कोरड्या.

त्यानंतर पेट्रोलच्या नळ्या. या गाड्या जळतात त्या मुख्यतः इथूनच. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत रबरी नळीचे तुकडे असतात. बाहेरून सुती जाळीची जुनी नळी दिसायला ठीक असते, आतून मात्र तडकलेली. जर्मनीत २०११ पासून ई-टेन (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) पेट्रोल मिळतं आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला लवकर खातं. म्हणून दीड मीटर इथेनॉल चालणारी नळी आणि चांगल्या क्लिपा घेऊन सगळे तुकडे एकदम बदलायचे. इंजिनच्या पुढच्या पत्र्यातून नळी जिथे आत येते तिथलं रबरी बूच हवंच, नाहीतर पत्र्याची धार नळी कापते. आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कार्ब्युरेटरच्या तोंडाला पेट्रोल आत नेणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती बोटांनी हलवून पाहायची. जराही फिरली किंवा बाहेर आली तर गाडी हलवायची नाही. बाहेर काढून, साफ करून घट्ट बसवायची, नाहीतर कार्ब्युरेटरचं वरचं झाकण बदलायचं. ती सुटली तर पंप गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहतो. अग्निशामक पुढच्या सीटजवळ ठेवायचा. मागे डिकीत ठेवला तर आगीपलीकडे हात कसा पोहोचणार?

दिवस दुसरा : कासेलच्या वाटेवर

सकाळी गटिंगेनपर्यंत जुन्या बी-थ्री रस्त्याने. ताशी ८० हा या गाडीचा सुखाचा वेग, ९० ला सुद्धा तक्रार नाही. त्यापुढे पेट्रोल आणि तापमान दोन्ही झपाट्याने चढतात.

गटिंगेनच्या पुढे ए-सेव्हन ऑटोबान घेतला की कासेलचे डोंगर लागतात. ट्रकवाल्यांना चांगले ठाऊक असलेले हे लांबलचक चढ, काही ठिकाणी आठ टक्क्यांच्या जवळचे. चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत ओढणं ही एअरकूल्डवाल्यांची सगळ्यात महाग सवय. पंखा क्रँकच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे आरपीएम पडले की हवाही पडते, आणि नेमकी तेव्हाच उष्णता सर्वांत जास्त असते. तिसऱ्यात टाकून इंजिनला मोकळं फिरू द्यायचं, वेग ५५-६० झाला तरी चालेल.

याच चढावर दोष समोर आला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनचा आवाज चढायचा, गाडीचा वेग तसाच. क्लच सुटतोय. खात्री करायची रीत सोपी आहे. सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, ताशी ५० ला एकदम पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. आवाज आधी आणि वेग मागाहून आला तर क्लच घसरतो आहे. एक-दोनदाच करायचं, कारण प्रत्येक वेळी प्लेट जळते.

कारणं शोधताना स्वस्तापासून महागाकडे जायचं. प्रथम पेडलची मोकळी चाल. हाताने दाबल्यावर १० ते २० मिमी पेडल नुसतं खाली गेलं पाहिजे. चाल शून्य असेल तर रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटला ढकलत राहतं आणि चांगला क्लचही घसरतो. गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाला विंगनट आहे, तो सैल केला की झालं. इथे चाल १५ मिमी होती, म्हणजे केबल निर्दोष. दुसरी पाहणी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली. तिथे तेलाचा थेंब लोंबत होता. तो बोटावर घेऊन वास घ्यायचा : गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि बोटांत ते चिकट लागतं, इंजिन ऑइल पातळ, काळपट, जळकट. थेंब इंजिन ऑइलचा निघाला. वरून ऑइल कूलरच्या सीलमधून गळून ओघळत तर येत नाही ना, हेही पाहावं लागतं. कूलरखालचा भाग कोरडा होता. मग उरतं फ्लायव्हीलमागचं, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या जड चाकामागचं, ऑइल सील.

इंजिन उतरवण्याआधी एक तपासणी गाडीखाली बसूनच होते. क्रँक पुली दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे ढकलायची. हाताला ठक्क असा झोल जाणवला तर क्रँकचा एंडप्ले (मागे-पुढे सरकण्याची मोकळीक) वाढलेला आहे; तशा इंजिनात नवं सील घातलं तरी फ्लायव्हील मागे-पुढे नाचून ते पुन्हा गळवतं. इथे झोल जाणवला नाही. म्हणजे काम सीलचं आणि क्लच प्लेटचं. केस उघडायची गरज नाही.

मुक्काम कासेलच्या बाहेर. जवळच्या बाउनाटालमध्ये फोक्सवॅगनचा जो कारखाना आहे, त्याची सुरुवात १९५८ मध्ये जुनी इंजिनं नव्यासारखी करून देण्याच्या कामानेच झाली होती.

दिवस तिसरा : इंजिन खाली

जर्मनीतल्या कॅम्पिंगवर इंजिन उतरवू देत नाहीत आणि ते रास्त आहे. जमिनीत तेल सांडणं हा इथे गुन्हा आहे. पण तासावर भाड्याने मिळणारी वर्कशॉप बहुतेक शहरांत असतात. लिफ्ट, हत्यारं, तेलाचा ट्रे सगळं तिथे मिळतं, काम आपलं आपण करायचं. पार्ट आधी फोन करून मागवून ठेवावेत : फ्लायव्हीलचं सील, फ्लायव्हीलच्या आतली ओ-रिंग, २०० मिमीची क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, एंडप्लेच्या शिम (पातळ चकत्या) आणि अडीच लिटर तेल. तेलाचं बिल जपून ठेवायचं. इथे तेल विकणाऱ्याला तेवढंच जुनं तेल फुकट परत घ्यावं लागतं.

सगळ्यात आधी बॅटरीची अर्थ वायर. मग एअर क्लीनर. कार्ब्युरेटरवरून चोकची वायर, आयडल कटऑफची वायर आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल. केबलचा छोटा बॅरल नट खिशात ठेवायचा, पत्र्यांच्या फटीत पडला तर शोधण्यात अर्धा तास जातो. ऑल्टरनेटर, कॉइल, ऑइल प्रेशर स्विच यांच्या वायरींना चिठ्ठ्या लावायच्या. पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडात ८ मिमीचा बोल्ट खोचायचा. हीटरच्या दोन जाड नळ्या आणि झडपांच्या केबल सोडायच्या. इंजिनाच्या मागचा आडोशाचा पत्रा काढायचा.

इंजिन गिअरबॉक्सला चार जागी धरलेलं असतं, सगळीकडे १७ चा पाना. वर दोन बोल्ट, खाली दोन नट. वरचा उजवा बोल्ट स्टार्टरमधूनही जातो. शिवाय टी-टूला इंजिनच्या मागच्या बाजूला आडवा कॅरिअर असतो, तो चॅसिसपासून सोडायचा. पण त्याआधी इंजिनखाली ट्रॉली जॅक आणि फळी, आणि गिअरबॉक्सखाली वेगळा आधार. इंजिन शंभर किलोंच्या वर भरतं. बोल्ट सुटल्यावर ते आधी सरळ मागे यायला हवं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर पडेपर्यंत. त्या आधीच जॅक खाली केला तर सगळं वजन शाफ्टवर लटकतं आणि क्लच प्लेट वाकते. १९७२ नंतरच्या गाड्यांच्या बॉडीचा मागचा पत्रा वेल्ड केलेला असल्याने इंजिन मागून ओढून निघत नाही, खालीच उतरावं लागतं. लिफ्ट असली की ती अडचण उरत नाही.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट एकदम न काढता थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करायचे. प्लेट उघडली तेव्हा अस्तर काळं, चकाकणारं आणि कडेला ओलं. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. अस्तरात मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं आणि इंजिन दुसऱ्यांदा उतरवावं लागतं.

फ्लायव्हीलचा मधला नट ३६ चा. त्याचा टॉर्क ३०० न्यूटन मीटर आणि पुढच्या काळातल्या नटांना ३५०, म्हणून तो साध्या पान्याने सुटत नाही. फ्लायव्हील अडवायला प्रेशर प्लेटच्या दोन भोकांत अँगलची पट्टी बोल्टने बसवायची आणि लांब दांड्याचा सॉकेट वापरायचा. सोडण्याआधी फ्लायव्हील आणि क्रँक दोन्हींवर पंचने खूण करायची.

आता सील दिसतं. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढताना केसच्या खोबणीला ओरखडा पडता कामा नये. त्या ओरखड्यातूनच नवं सील बाहेरच्या बाजूने गळतं. सीलची ओठाची कड दगडासारखी कडक झालेली होती, म्हणजे कारण वय आणि उष्णता. सीलमागे तीन शिम असतात, कायम तीनच.

इथे घाई करू नये, कारण एंडप्ले मोजायची संधी पुन्हा सहज मिळत नाही. हिशोब असा : सील न घालता, दोनच शिम घालून फ्लायव्हील बसवायचं आणि नट चांगला आवळायचा. केसवर डायल गेज बसवून त्याचा काटा फ्लायव्हीलवर टेकवायचा. फ्लायव्हील आत ढकलून काटा शून्यावर आणायचा, मग बाहेर ओढून वाचायचं. जो आकडा येईल त्यातून ०.१० वजा केला की तिसऱ्या शिमची जाडी मिळते. आकडा आला ०.४४, म्हणून तिसरी शिम ०.३४ ची. शिम ०.२४, ०.३०, ०.३२, ०.३४, ०.३६ आणि ०.३८ अशा जाडीत मिळतात. जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्यावी. एंडप्ले ०.०७ ते ०.१३ मध्ये हवा, ०.१५ ही झिजेची हद्द. तीन शिम तेल लावून आत, मग सील. सील हाताने सरळ ठेवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्याने चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत सारख्या खोलीवर न्यायचं. एका बाजूने आधी गेलं तर ओठ तिरका बसतो आणि शंभर किलोमीटरांत गळती सुरू. ओठाला तेलाचं बोट फिरवायचं.

फ्लायव्हीलच्या हबवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नखाने चाचपून पाहायचं. नख अडकेल इतकी खाच असेल तर फ्लायव्हील बदलायचं, एरवी अगदी बारीक एमरीने गोलाकार पुसायचं. ओ-रिंग नवी. मधल्या नटात सुईच्या दाण्यांचं बेअरिंग असतं; त्याला चिमूटभरच ग्रीस, जास्त घातलं तर ते उडून नव्या प्लेटवर जातं. टॉर्क रेंच नसेल तर गणित करावं : साठ किलोचा माणूस नटापासून अर्ध्या मीटरवर आडव्या दांड्यावर पूर्ण वजनाने उभा राहिला की सुमारे ३०० न्यूटन मीटर होतात. सगळं आवळल्यावर, इंजिन चढवण्याआधी, एंडप्ले पुन्हा एकदा मोजला : ०.१०.

दिवस चौथा : इंजिन वर, टायमिंग

क्लच प्लेट मध्यभागी धरायला प्लास्टिकचं सेंटरिंग टूल पुरतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, २५ न्यूटन मीटर. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा हात फिरवल्यासारखा थर. इंजिन जॅकवर चढवताना ते गिअरबॉक्सशी समांतर आहे का हे दोघांनी दोन बाजूंनी पाहायचं. शेवटचे दोन सेंटिमीटर उरले की गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून क्रँक पुली थोडी फिरवायची, दाते जुळतात आणि इंजिन आत सरकतं. ते बोल्ट आवळून ओढून घ्यायचं नाही. हाताने मिटत नसेल तर काहीतरी अडलेलं आहे.

इंजिनच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी पुन्हा पत्र्याच्या खाचेत नीट बसवणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते सोडणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. ही पट्टी वरची थंड हवा आणि खालची एक्झॉस्टची गरम हवा वेगळी ठेवते. फट राहिली की पंखा आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो. कितीतरी इंजिनं एवढ्याशा रबरापायी उकडून गेली आहेत.

तेल २०डब्ल्यू-५०. तळाची जाळी, तिच्या दोन्ही बाजूंच्या पॅकिंगा नव्या. झाकणाचे सहा नट फक्त ७ न्यूटन मीटर. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, जोर लावला तर स्टड धाग्यांसकट बाहेर येतो. कॉइलची वायर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारायचा, मगच इंजिन चालू करायचं.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीच्या स्विचचा) गॅप ०.४ मिमी, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) मोजायचं मीटर असेल तर ४४ ते ५० अंश. टायमिंग आयडलवर (इंजिन जागेवर संथ फिरताना) लावण्यापेक्षा पूर्ण अ‍ॅडव्हान्सवर (ठिणगी सर्वांत आधी पडते तेव्हा) तपासलेलं बरं, कारण हेडचं बरंवाईट तिथे ठरतं. पुलीवर ३० अंशांची खूण नसेल तर घेराभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजायची आणि बाराने भागायची. तेवढं अंतर टीडीसीच्या खुणेपासून उजवीकडे मोजून पांढरी रेघ मारायची. व्हॅक्यूमच्या नळ्या काढून त्यांची तोंडं बंद करायची, इंजिन ३५०० आरपीएमवर नेऊन टायमिंग लाइट मारायचा. रेघ केसच्या जोडावर आली पाहिजे. २८ ते ३२ अंश चालतील, ३२ च्या पुढे नाही. जास्त अ‍ॅडव्हान्सला गाडी तरतरीत वाटते आणि पिस्टनला भोक पडतं.

संध्याकाळी फुल्डापर्यंत, क्लच प्लेटला दमाने बसू देत.

दिवस पाचवा : व्युर्झबुर्ग, आउग्सबुर्ग

लांबचा पण सरळ दिवस. व्युर्झबुर्गला थांबून गाडीखाली कोरडं फडकं फिरवलं, डाग नाही. फॅन बेल्टची तपासणी इथेच. अंगठ्याने दाबल्यावर १५ मिमी आत गेला पाहिजे. ताण बदलायचा तो ऑल्टरनेटरच्या पुलीच्या दोन भागांतल्या शिमने : मधली शिम काढली की पट्टा घट्ट, घातली की सैल. काढलेली शिम टाकून न देता नटाखाली बाहेरच्या बाजूला ठेवायची, नट जागेवर बसतो आणि पुढच्या वेळी शिम हाताशी राहते.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा या गाडीत बॅटरीपुरता नसतो. पट्टा तुटला की पंखाही थांबतो. दिवा लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद, पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ असं म्हणायचं नाही. जादा पट्टा गाडीत हवाच.

दिवस सहावा : रोझेनहाइम, इन्त्सेल, त्सेल आम झे

सकाळी डोंगरातलं धुकं, तापमान सात-आठ अंश. त्राउनश्टाइन ओलांडून इन्त्सेलकडे चढताना इंजिन आयडलला अडखळू लागलं, दोन ट्रॅफिक लाइटवर बंद पडलं, आणि पाच मिनिटं उभं ठेवल्यावर जसं काही झालंच नाही असं सुरू झालं. पेट्रोलमधला कचरा, बिघडलेला कंडेन्सर यांचा संशय इथे सगळ्यांना येतो. पण थंडी, दमट हवा आणि थांबल्यावर आपोआप बरं होणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की उत्तर एकच : कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता खाते आणि हवेतलं बाष्प थ्रॉटलच्या झडपेभोवती गोठतं. इंजिन थांबलं की खालची ऊब वर चढते, बर्फ वितळतो.

हा बर्फ होऊ नये यासाठी मॅनिफोल्डखालून (कार्ब्युरेटरमधलं मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीखालून) एक्झॉस्टची बारीक नळी नेलेली असते. इंजिन चालू केल्यावर तीन-चार मिनिटांत तिची दोन्ही टोकं हात लावता येणार नाही इतकी तापली पाहिजेत. एक टोक गार असलं तर आत काजळी भरली आहे. इथे डावं टोक गार होतं. मफलरकडचे दोन बोल्ट काढून जुनी क्लच केबल ड्रिलमध्ये धरून आत फिरवली. काळा भुगा निघाला, वाट मोकळी झाली. एअर क्लीनरला गरम हवा आणणारी लवचिक नळीही सुटलेली होती, ती क्लिपने पुन्हा बसवली. उन्हाळ्यात या दोन्ही गोष्टींवाचून काही अडत नाही, म्हणूनच त्या दुर्लक्षित राहतात.

आयडल पुन्हा ८५० वर. त्यासाठी थ्रॉटलच्या झडपेचा स्क्रू फिरवायचा नाही. ३४ पिक्ट-थ्री कार्ब्युरेटरला डाव्या बाजूला मोठा बायपासचा स्क्रू आहे, आयडलचा वेग त्याने लावायचा. त्याच्याजवळचा छोटा स्क्रू मिश्रणाचा, तो पूर्ण बंद करून अडीच फेरे उघडला की सुरुवातीची जागा मिळते.

पुढे श्टाइनपास ओलांडून लोफर, झालफेल्डेन आणि त्सेल आम झे. हे साधे राज्यरस्ते असल्यामुळे ऑस्ट्रियाच्या महामार्गांची विन्येट (टोलची चिठ्ठी) लागत नाही.

दिवस सातवा : ग्रोसग्लॉकनर

पहाटे इंजिन थंड असताना तीन नंबरचा एक्झॉस्ट पुन्हा मोजला. ०.१५, हलला नाही. हॅनोव्हरहून इथवरच्या अंतरात तो परत ०.१० झाला असता तर वाल्व ताणला जातोय किंवा सीट खचतेय असा अर्थ, आणि मग घाट रद्द करून हेड काढणंच शहाणपणाचं. जागेवर राहिला, म्हणजे आधीचा फरक साध्या झिजेचा.

ब्रुकपासून हायलिगेनब्लुटपर्यंत ४८ किलोमीटर, ३६ वळणं, चढ १२ टक्क्यांपर्यंत. हा रस्ता १९३५ मध्ये खुला झाला. फेरलाइटनच्या टोलनाक्यापासून फुशर ट्योर्लपर्यंत, २४२८ मीटरवर, जवळजवळ १३०० मीटरची सलग चढण. दुसरा गिअर, ताशी ३०-३५, इंजिन मोकळं. तेलाचं तापमान दाखवणारी डिपस्टिक बाजारात मिळते, ती घ्यावी : ११० अंशांपर्यंत निर्धास्त, १२० च्या पुढे थांबायचं. थांबताना इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवायचं, पंख्याला हेड निवू देत.

वर हवा विरळ. २५०० मीटरवर ताकद साधारण पाव भागाने कमी होते, आणि मिश्रण तुलनेने दाट झाल्याने धूर जरा काळपट दिसतो. मिश्रणाचा स्क्रू फिरवायचा मोह इथे होतो. फिरवू नये. दाट मिश्रण इंजिनला थंडच ठेवतं. वर पातळ केलेलं मिश्रण खाली उतरल्यावर धोक्याचं पातळ होतं आणि एक्झॉस्ट वाल्व भाजतात. एखाद्या दिवसाच्या घाटासाठी जेट आणि स्क्रू दोन्ही होते तिथेच ठेवायचे.

चढावर थांबल्यानंतर गरम इंजिन सुरू होत नसेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर पंपासारखा मारायचा नाही, पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर द्यायचा. इंजिनने धरलं की सोडायचा. पेट्रोलचा पंप बदललेला असेल तर त्याला ढकलणारी काडीही तपासलेली असावी : डायनमोच्या इंजिनला १०८ मिमी, ऑल्टरनेटरच्या इंजिनला १०० मिमी. लांब काडी चुकीच्या पंपाला घातली तर दाब वाढून कार्ब्युरेटर सतत भरून वाहतो आणि दोष मात्र उंचीच्या माथी मारला जातो.

हॉखटोरच्या बोगद्यापाशी २५०४ मीटर, कडेला ताज्या बर्फाची पांढरी किनार. तिथून उतार. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, दुसऱ्याच. इंजिन ब्रेकचं काम करतं आणि पंखा फिरत असल्याने तापतही नाही. पायाचा ब्रेक वळणाआधी ठाम दाबून सोडायचा, हलका हलका धरून ठेवायचा नाही. पेडल मऊ लागलं तर ब्रेकचं तेल उकळतंय. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, कारण ते हवेतली ओल शोषतं.

हायलिगेनब्लुटला पोहोचल्यावर गाडी निवू दिली आणि क्लचच्या पेडलची चाल मोजली. नवी प्लेट बसताना चाल कमी होते. १५ मिमीची ९ झाली होती. विंगनट दीड फेरा सैल केला. त्याच्या दोन पाकळ्या लिव्हरच्या खाचेत बसल्या नाहीत तर तो रस्त्याच्या हादऱ्यांनी फिरत राहतो, म्हणून बसवल्यावर बोटाने चाचपायचं. जोडाखाली कागद पसरून रात्रभर ठेवला, सकाळी कोरडा. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेपासून चार मिमी खाली, म्हणजे पाव लिटरच्या आत, ते भरलं आणि लिएन्झचा रस्ता धरला.